प्रयोगशाळा कपाटात नको, गावाच्या कामात हवी

आज या पानावर भात, खत किंवा फवारणी असे काही नाही. आज शाळेविषयी लिहायचे आहे. पण पान उलटू नका, विषय शेवटी शेतीवरच येणार आहे.

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात एक घोषणा केली. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारायच्या. नीती आयोगामार्फत ही योजना २०१६ पासून चालू आहे आणि देशातल्या सुमारे दहा हजार शाळांत अशा लॅब झाल्याही आहेत. योजनेच्या मूळ रचनेत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान होते. त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांपर्यंत चालवायला. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले की, सहावीपासून मुलांना हाताचे काम शिकवा आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना एखाद्या कारागिराकडे किंवा कामाच्या जागी पाठवा.

म्हणजे आज ना उद्या आपल्या अंबरनाथ तालुक्यातल्या, वांगणी-बदलापूरकडच्या किंवा नेवाळी-मांगरूळकडच्या एखाद्या शाळेत मोटारी, सेन्सर आणि लहान संगणक-पाट्यांचे खोके येणार. खोके येतील, फीत कापली जाईल, फोटो निघेल. त्यानंतर काय? ते आपल्या हातात आहे, म्हणून हा लेख.

मेकॅट्रॉनिक्स म्हणजे काय?

या खोक्यांतून जे शिकवतात त्याला मेकॅट्रॉनिक्स म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स हे दोन शब्द जोडून १९६९ मध्ये जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक या कंपनीतले इंजिनिअर तेत्सुरो मोरी यांनी तो शब्द तयार केला. यंत्र हलते, वीज त्याला हलवते आणि कधी हलायचे, कधी थांबायचे हे यंत्र स्वतःच ठरवते. एवढाच अर्थ.

तुम्ही टाकी भरायला मोटर लावता तेव्हा काय करता? डोळ्याने पाणी बघता, डोक्याने ठरवता, हाताने बटण दाबता. डोळा, डोके आणि हात. यंत्रात डोळ्याचे काम सेन्सर करतो, डोक्याचे काम कंट्रोलर नावाची लहान पाटी करते आणि हाताचे काम मोटर किंवा व्हॉल्व्ह करतो. हे तिघे जिथे एकत्र आले तिथे मेकॅट्रॉनिक्स आले.

आता आजूबाजूला बघा. दूध संकलन केंद्रावर फॅट काढणारे मशीन, मोबाईलवरून चालू होणारा पंपाचा स्टार्टर, फवारणीचा ड्रोन, भात कापणीच्या हार्वेस्टरचा फलक. या सगळ्यात तेच तिघे आहेत. शेतात ही विद्या येऊन बसली आहे. ती समजणारा माणूस मात्र गावात सापडत नाही.

सहाव्या वर्षी कोण?

साधे उदाहरण घ्या. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकी अनुदान. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. योजना चांगली आहे. पण पंपाचा जीव त्याच्या कंट्रोलरमध्ये असतो. पॅनेल वर्षानुवर्षे टिकते, पाण्यातली मोटर आपला गावचा रिवायंडिंगवाला बांधून देतो, पण कंट्रोलर बंद पडला तर त्याला हात लावायला कोणी धजत नाही. पहिली पाच वर्षे पुरवठादाराला फोन करता येईल. सहाव्या वर्षी कोणाला करणार?

आता दुसरा हिशेब करा. तुमच्या घरातले जे पोर आज आठवीत आहे ते तेरा-चौदा वर्षांचे आहे. हमी संपेल तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे असेल. त्याने आठवी, नववी आणि दहावीत आठवड्याला एक दिवस सेन्सर, रिले आणि मोटर हाताळली, दहावीनंतर त्याच अंगाचा एखादा अभ्यासक्रम केला, तर सहाव्या वर्षाचा माणूस तुमच्याच आळीत तयार असेल. नाही केले, तर तो माणूस बाहेरून येईल आणि गाडीभाडे धरून पैसे घेईल.

आपल्या पट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली, मोरिवली आणि आनंदनगरला एमआयडीसी झाली, बदलापूरलाही औद्योगिक वसाहत झाली. उल्हासनगर तर मुळात फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची छावणी. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जमीन नाही, नोकरी नाही, अशा माणसांनी एखादी वस्तू उघडून बघायची, तशीच घडवून विकायची, या जोरावर तिथे बाजार उभा केला. म्हणजे हाताने शिकणे काय करू शकते याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जायला नको.

पण या साऱ्यात आसपासच्या गावांच्या वाट्याला काय आले? जमिनी कारखान्यांना गेल्या, काही बिल्डरला गेल्या, आता महामार्गांना जात आहेत. मुले कारखान्यात गेली ती बहुतेक कंत्राटी हेल्पर म्हणून. पूर्वी हेल्पर लेथवर उस्तादाच्या शेजारी उभा राहून दोन-तीन वर्षांत टर्नर व्हायचा, कारण उस्तादाचा हात दिसत असे. आज सीएनसी मशीनचे दार बंद असते, आत काय चालले ते फलकावरचे आकडे सांगतात. नुसते शेजारी उभे राहून ते कळत नाही. त्यामुळे हेल्पर हेल्परच राहतो, आणि माल उचलण्याचे त्याचे कामही यंत्राकडे गेले की घरी बसतो. जमिनीचे पैसे गाडीत आणि लग्नात गेलेले असतात. अशी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यांची नावे घ्यायला नकोत.

पाबळने काय करून दाखवले?

हाताने शिकवायचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हीच. पण शाळेच्या वेळापत्रकात बसेल अशा रीतीने ती चालवून दाखवली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावाने.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ दुष्काळी भागातले गाव. त्यांचे म्हणणे असे की, हाताने काम करता करता शिकणे ही शिकण्याची नैसर्गिक पद्धत आहे, आणि शाळेतल्या मुलांनी गावाला लागणारी कामे करत विज्ञान शिकावे. त्यातून हायस्कूलसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम उभा राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्याला एक दिवस काम करायचे. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. राज्याच्या दहावीच्या मंडळाने तो पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. म्हणजे त्याला मार्क आहेत. 'आधी दहावी होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

या पद्धतीत एक बारीक पण महत्त्वाची अट आहे. मुलांनी केलेली वस्तू वापरात गेली पाहिजे. शाळेचे फाटक वेल्डिंग करायचे तर खरे फाटक करायचे, तुकडे जोडून मोडीत टाकायचे नाहीत. गावातल्या कोणाला काम करून हवे असेल तर मालाचे पैसे घेऊन ते करून द्यायचे. वस्तू वाकडी झाली तर गिऱ्हाईक बोलणार. शिक्षक लाल शाईने बरोबर-चूक करतो, त्यापेक्षा हे बोलणे जास्त शिकवून जाते.

तिथूनच जमिनीखालचे पाणी शोधायला मदत करणारे स्वस्त भूरोधमापक उपकरण, लहान ट्रॅक्टर, घुमटाकार घरे अशी कामे झाली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर काढलेल्या आकृतीवरून वस्तू कापून देणारी यंत्रे त्या खेडेगावात आली. डॉ. कलबाग २००३ मध्ये वारले, पण काम थांबले नाही. शाळा सोडलेल्या मुलांसाठी तिथे एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका अभ्यासक्रमही आहे.

पाबळपासून धडा कोणता घ्यायचा? एमआयटीची यंत्रे शेवटी आली. त्याच्या आधी एकोणीस वर्षे मुले वेल्डिंग, बांधकाम, कोंबड्या आणि पाणी यांवर काम करत होती. कामाची सवय आधी आणि यंत्र नंतर, म्हणून ते यंत्र रुजले. आपण मात्र यंत्र आधी आणतो आणि सवय लागण्याची वाट बघतो.

आम्हा विस्ताराच्या लोकांना यात नवल वाटत नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे नवे वाण आले की आपण भाषण करून थांबत नाही. एखाद्याच्या शेतात दहा गुंठ्यांवर प्रात्यक्षिक घेतो. शेतकरी बांधावरून बघतो, लोंबी हातात घेतो, मग पुढच्या खरिपात बियाणे मागतो. नेरळच्या सगुणा बागेतून सगुणा राईस तंत्र पसरले तेही असेच. गादीवाफ्यावर भोके पाडायचा तो लोखंडी साचा साधा वेल्डर करून देऊ शकतो, म्हणून ते तंत्र गावात शिरले. पोरांचे शिक्षणही याच नियमाने चालते.

आपल्याकडे कोणते प्रयोग घ्यावेत?

रोबोट गाडी काळ्या रेषेवरून पळवणे हा खेळ चांगला आहे, पण दोन दिवसांत संपतो. आपल्या गावांसाठी चार कामे सुचवतो.

पहिले, पाण्याची टाकी. नळपाणी योजनेची टाकी भरून वाहते हे दृश्य कोणत्या गावात नाही? मुलांनी आधी मोजायला शिकावे. ओसंडणाऱ्या पाइपाखाली १५ लिटरची बादली धरा. दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला ९० लिटर. वीस मिनिटे मोटर बंद करायला कोणी आले नाही तर १८०० लिटर गेले. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटर धरले तर ते बत्तीस माणसांचे एका दिवसाचे पाणी. हा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा आणि ग्रामसभेतही वाचा. मग साधा तरंगता स्विच लावून घंटा वाजवा. ते जमल्यावर अंतर मोजणारा सेन्सर आणि कंट्रोलर लावा. आधी साधे, मग अवघड.

दुसरे, शाळेची परसबाग. मातीत ओल मोजणारा सेन्सर खोचायचा, ओल कमी झाली की ठिबकचा लहान व्हॉल्व्ह उघडायचा. बाजारात दोन तऱ्हेचे सेन्सर मिळतात. उघड्या धातूच्या दोन दांड्यांचा स्वस्त असतो, पण ओल्या मातीत तो काही आठवड्यांत गंजून जातो. कपॅसिटिव्ह प्रकारचा थोडा महाग, पण टिकतो. सेन्सर जो आकडा दाखवतो तो भाताच्या खाचरातल्या चिकण मातीत वेगळा आणि माळावरच्या मुरमाड मातीत वेगळा येतो. आधी कोरड्या व भिजवलेल्या मातीत आकडे घेऊन वहीत लिहावे लागतात. हे लिहिणे म्हणजेच विज्ञान. आणि इथे मुलांना आजोबांकडे जावेच लागेल, कारण माती मुठीत दाबून वाफसा आहे की नाही हे त्यांना सेन्सरच्या आधीपासून कळते.

तिसरे, अंडी उबवणी पेटी. गावठी कोंबडीला आपल्याकडे गिऱ्हाईक केव्हाही आहे, शहर दाराशी आहे. पेटीत तापमान ३७.५ अंशांच्या आसपास ठेवायचे, ओलावा ५०-५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५-७०. अंडी अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून अनेकदा फिरवायची, एकविसाव्या दिवशी पिल्ले. तापमानाचा सेन्सर, ऊब देणारे १२ व्होल्टचे गाडीचे बल्ब, पंखा आणि अंडी फिरवणारी हळू मोटर. डोळा, डोके, हात तिघेही आले. शिवाय निकाल एकवीस दिवसांत चिवचिव करून समोर येतो. किती अंडी ठेवली, किती फुटली, कोणत्या रात्री वीज गेली होती, ही नोंद ठेवली की मुले कारण शोधू लागतात. हे काम महिला बचत गटाला जोडले तर पेटी शाळेत पडून राहणार नाही.

चौथे, पुराचा इशारा. उल्हास नदीचे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. गावच्या ओढ्याच्या मोरीवर रंगवलेली मोजपट्टी आणि तीन उंचींवर तीन तरंगते स्विच बसवा. पहिल्याला हिरवा दिवा, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला भोंगा. १२ व्होल्टची बॅटरी आणि लहान सौर पॅनेल पुरते. मात्र दोन अटी आहेत. हे बसवायचे काम मे महिन्यात, कोरड्यात, मोठ्यांच्या देखरेखीत व्हावे. पावसात एकही मूल ओढ्यावर जाता कामा नये. आणि हा भोंगा तहसील कार्यालयाच्या इशाऱ्याची जागा घेत नाही, त्याला जोड देतो.

खर्च किती? कंट्रोलरची पाटी, सेन्सर, रिले आणि तारा धरून एक प्रयोग साधारण दीड-दोन हजारांत उभा राहतो. इटलीत २००५ च्या सुमारास शिक्षणासाठीच तयार झालेली अर्डुइनो नावाची पाटी आज त्याच धर्तीवर बनवलेल्या स्वस्त रूपात काही शे रुपयांत मिळते. तिची रचना कोणालाही वापरता येते, म्हणून ती स्वस्त. माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे. बराचसा माल तर फुकट आहे. बिघडलेल्या प्रिंटरमध्ये चांगल्या मोटारी निघतात, जुन्या मोबाईल चार्जरमधून पाच व्होल्ट मिळतात, भंगारातल्या गाडीची वायपर मोटर अंडी फिरवायला चालते. भंगारवाल्याशी शिक्षकाची ओळख हवी, बस्स.

आणि सुरक्षितता. मुलांचे सगळे काम ५ किंवा १२ व्होल्टवरच. घरच्या २३० व्होल्टला किंवा शेतीपंपाच्या थ्री-फेजला विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. ती जोडणी परवानाधारक वायरमननेच करायची, मुलांनी लांबून बघायची. यात सवलत नाही.

घोडे कुठे अडते?

पहिले अडते कुलपापाशी. साहित्य नोंदवहीत चढते, मोडले तर भरून कोण देणार या भीतीने कपाट बंद राहते आणि तपासणीच्या दिवशी उघडते. शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही, त्याची भीती खरी आहे. उपाय कागदावरच करावा लागेल. सेन्सर, तारा, बल्ब आणि लहान मोटारी या वस्तू खर्ची पडणारे साहित्य म्हणून वेगळ्या नोंदवाव्यात. खडू झिजला म्हणून आपण शिक्षकाकडून वसुली करत नाही. सेन्सर जळला तर तोही खडूच समजावा. मुलांच्या हातून वस्तू मोडणार नसतील तर मुले शिकणारही नाहीत.

दुसरे अडते तयार किटपाशी. पुस्तकात दाखवले तसे तुकडे जोडले, दिवा लागला, टाळ्या पडल्या. दिवा का लागला ते विचारले तर सांगता येत नाही. पारख सोपी आहे. पाहुण्याने एक तार मुद्दाम काढावी आणि मुलांना दुरुस्त करायला सांगावे. दुरुस्त झाले तर शाळा शिकवते आहे असे समजा.

तिसरे, सगळे एका शिक्षकावर उभे असते. त्याची बदली झाली, काम बसले. म्हणून गावातला वायरमन, रिवायंडिंगवाला, वेल्डर, ऑर्डनन्समधून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर यांना आठवड्यातून दोन तास शाळेत बोलवा. अंबरनाथ-बदलापूरात असे निवृत्त कामगार आहेत, कित्येकांचा वेळ कट्ट्यावर जातो. त्यांच्या हातातले चाळीस वर्षांचे कसब कोणत्याही खोक्यात येत नाही.

चौथे, मुली. मोटर मुलांनी उघडायची आणि वही मुलींनी लिहायची, ही वाटणी पहिल्या दिवशीच मोडा. केंद्राच्या २०२३ च्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. ड्रोन उडवायला बाई चालते, तर शाळेत स्क्रूड्रायव्हर धरायला मुलगी का नको? तसेच ठाकूर-कातकरी पाड्यांवरची मुले. भाषेच्या पेपरात मागे पडणारे पोर हाताच्या कामात पुढे असते. असे पोर शाळेत टिकवायचे असेल तर त्याला जिंकता येईल असा एक तास वेळापत्रकात हवा.

ग्रामपंचायतीने काय करावे?

आपल्याकडची बरीच हायस्कुले संस्थांची आहेत, काही आश्रमशाळा आहेत. ग्रामपंचायतीचा त्यांच्यावर हुकूम चालत नाही. पण गावाची गरज सांगणे आणि साहित्याला हातभार लावणे कोणी अडवलेले नाही.

एक, मे महिन्याच्या ग्रामसभेत मुख्याध्यापकांना बोलवा आणि गावातल्या तीन अडचणी लिहून द्या. टाकी, दिवाबत्ती, ओढा, जे असेल ते. 'यातले एक काम मुलांनी वर्षभरात करून दाखवावे' असे सांगा. दोन, 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात नियमात बसेल त्या शीर्षाखाली थोडी रक्कम धरा. पंधरा-वीस हजारांत वर्षभराचे साहित्य येते. तीन, जवळच्या कारखान्यांना पत्र द्या. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्यात शिक्षण व व्यवसाय कौशल्य येते. पण पत्रात नुसते 'लॅब द्या' लिहू नका. 'महिन्यातून एकदा तुमचा मेंटेनन्सचा माणूस शाळेत पाठवा' असेही लिहा. पैसे एकदाच येतात, माणूस वर्षभर येतो. चार, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी काम चालू करून दाखवावे. फक्त तक्ते लावू नयेत.

पालकांनो, दहावीनंतरची वाट विचाराल तर ती आहे. आयटीआयला टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सगळ्याच आयटीआयमध्ये नाही, म्हणून प्रवेश अर्ज भरण्याआधी यादी बघा. तो नसेल तर इलेक्ट्रिशियन, फिटर आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे ट्रेडही त्याच रस्त्याचे. तंत्रनिकेतनात मेकॅट्रॉनिक्सची तीन वर्षांची पदविका आहे आणि आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. सगळीच मुले इंजिनिअर होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण जो शेती करेल त्याला आपल्या पंपाचा दोष ओळखता आला आणि दुरुस्तीवाल्याने दोन हजारांचे काम पाच हजारांना सांगितले तर 'उघडून दाखव' असे म्हणता आले, तरी शाळेने आपले काम केले.

कोणी म्हणेल, शिकली की पोरे शहरात जातील. आपल्याकडे शहरच गावात आले आहे, आता जायचे कुठे? त्या शहरात आपली मुले गेटवर नोंदवही धरून उभी राहणार की आत मशीन चालवणार, एवढेच ठरायचे आहे.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. आपल्या हायस्कूलमध्ये जा आणि प्रयोगशाळेचे कपाट उघडून बघायला मागा. आत काय आहे ते लिहून घ्या आणि कोणती वस्तू मुलांच्या हातात शेवटची कधी गेली ते विचारा. उत्तर काय येते त्यावरून ग्रामसभेत कोणता विषय मांडायचा ते तुमचे तुम्हालाच कळेल.